आगाशेबाई आणि गंजलेलं दाभण

आगाशेबाई येण्याआधी त्यांचा वास यायचा. हे वाक्य मी त्यांच्यासमोर लिहिलं असतं तर त्या रागावल्या नसत्या. "कशाकशाचा, तेही लिहा की जगताप," एवढंच म्हणाल्या असत्या. तर लिहितो. आधी अॅसेटिक अॅसिडचा आंबट वास, त्यात थोडं स्पिरिट, आणि या सगळ्याच्या तळाशी ओली हळद. सांगलीच्या आमच्या कॉलेजात रसायनाची आणि वनस्पतिशास्त्राची खोली एकाच व्हरांड्यावर होती. मी रसायनाचा डेमॉन्स्ट्रेटर, त्यामुळे माझ्याही अंगाला अत्तराचा वास येत होता अशातला भाग नाही. पण माझे वास संध्याकाळी आंघोळीबरोबर जात. बाईंची बोटं मात्र बाराही महिने पिवळी असायची.

बाई मूळच्या वाईच्या. वैधव्य फार लवकर आलं, मग पुण्याला शिकल्या, आणि युद्धाच्या सुरुवातीला सांगलीत नोकरीला आल्या. याहून जास्त त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. अंगकाठी लहान, चाल भरभर, काठाची साधी सुती साडी, कपाळ मोकळं, काखेत पुरुषी काळी छत्री. ऊन असो, पाऊस असो, नाहीतर दोन्ही नसो, छत्री असायचीच. वर्गात फळ्यावरची आकृती दाखवायला ती त्यांच्या उपयोगी पडे.

पहिल्याच आठवड्यात त्या माझ्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या.

"जगताप तुम्हीच ना? तुमच्याकडे ग्लेशियल अॅसेटिक अॅसिड आहे. आहे का म्हणून विचारत नाहीये, किती देता ते सांगा."

मी साताऱ्याकडचा माणूस. कुणी असं अंगावर आलं की आमची मान आपोआप ताठ होते. युद्धामुळे माल येत नाही, बाटली जपून वापरायची आहे, वगैरे मी ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चला, काय करते ते दाखवते. मग द्यायचं की नाही ते ठरवा."

त्यांनी मला सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं. मी डोळा लावला. मला माझ्याच पापण्या दिसल्या. तसं सांगितल्यावर बाई खूश झाल्या. "बरोबर. पहिल्या दिवशी सगळ्यांना पापण्याच दिसतात. प्राचार्यांना पेशी दिसल्या होत्या, तेव्हाच मी ओळखलं, हे खोटं बोलताहेत." मग त्यांनी आरसा फिरवला, कसलासा स्क्रू केसभर हलवला, आणि खाली एकदम विटांच्या बांधकामासारखी ओळ उभी राहिली. कांद्याच्या मुळाचं टोक होतं ते. प्रत्येक विटेत एक गोल, आणि काही विटांत तो गोल मोडून लाल दोऱ्यांचा गुंता झालेला. एकीत दोरे मधोमध रांगेत उभे होते. दुसरीत त्यांचे दोन गट पाठ फिरवून दोन टोकांना निघाले होते. एकीच्या मधोमध नवी भिंत पडायला लागली होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेक गोल नव्यानं बसला होता.

"एकीच्या दोन झाल्या," बाई म्हणाल्या. "तुम्ही आईच्या पोटात यानंच वाढलात, परवा बोट कापलं होतं तेही यानंच भरून आलं. आता अॅसिड?"

मी बाटली दिली. पुढची सगळी वर्षं देत राहिलो.

त्या दोऱ्यांना त्या 'दोरे'च म्हणत. गुणसूत्रं हा शब्द तेव्हा आमच्या कानावर नव्हता आणि इंग्रजी नाव मुलांच्या तोंडात अडकायचं. त्यांच्या वर्गाचा एकच कायदा होता: जे काचेखाली पाहिलं नाही ते वहीत काढायचं नाही. पुस्तकातली सुबक आकृती उतरवून आणणाऱ्या मुलाच्या वहीवर त्या तांबड्या पेन्सिलीनं विचारत, 'ही पेशी कुठे भेटली?' एखाद्याला काहीच दिसलं नाही तर त्यानं कोरं वर्तुळ काढून खाली 'दिसलं नाही' असं लिहायचं. त्याला त्या गुण देत. यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं. न दिसण्याला कसले गुण, असं माझं म्हणणं.

"खरं बोलण्याचे," त्या म्हणाल्या, आणि छत्री उचलून चालू लागल्या. भांडण अर्ध्यावर टाकून जायची त्यांची ही सवय मला अजिबात आवडत नसे.

दुसरी सवय वेळेची. मुळं कापायची त्यांची वेळ ठरलेली होती, सूर्य वर आल्यावर थोड्याच वेळात. त्या वेळी पेशी जास्त दुभागतात असा त्यांचा अनुभव. त्यामुळे पाण्यानं भरलेल्या पेल्यांवर कांदे बसवून त्या ते गावभागातल्या आपल्या बिऱ्हाडाच्या खिडकीत ओळीनं मांडून ठेवत. आषाढात चातुर्मास सुरू झाला आणि घरमालकीणबाई खवळल्या. त्यांच्या घरात चार महिने कांदा-लसूण शिवतसुद्धा नसत.

"अहो, मी खात नाही. मुळ्या कापते नुसत्या," बाई म्हणाल्या.

"कापा नाहीतर पुजा. माझ्या घरात कांदा नको म्हणजे नको."

आता बाई बिऱ्हाड बदलतील असं आम्हाला वाटलं. त्यांनी कांदे कॉलेजात हलवले आणि खिडकीत हळद आणून ठेवली. सांगलीत हळदीला काय तोटा? शेतातून मातीसकट उपटून आणलेले कोवळे गड्डे कुंड्यांत लावले. घरमालकीणबाई प्रसन्न झाल्या; हळद शुभच. हळदीचे दोरे मात्र भलतेच बारीक आणि गर्दी करून बसणारे निघाले. कांद्याचे दोरे शेवयांसारखे लांब, हळदीचे म्हणजे सांडलेली खसखस. बाईंना तेच हवं होतं. सोपं काही हाती लागलं की त्यांचा चेहरा पडायचा.

ओल्या हळदीचे गड्डे आणून द्यायची ती कुसुम. पलूसकडच्या बागायतदाराची मुलगी. इंटर सायन्सला होती, सांगलीत मावशीकडे राहायची. उंच, अबोल, हात मात्र विलक्षण हलका. मुळाचं टोक तापवून, रंगाच्या थेंबात सुईनं ठेचून, वर काच ठेवून अंगठ्यानं दाबायचं असतं. जोर जास्त झाला तर पेशी फुटतात, कमी झाला तर एकावर एक राहतात. कुसुमच्या अंगठ्याला तो जोर उपजत ठाऊक असावा असं बाई म्हणत. तिच्या तोंडावर मात्र कधी म्हणाल्या नाहीत.

कुसुमचं घोडं अडलं होतं ते इंटरपाशी. आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राचा बी.एस्सी.चा वर्ग नव्हता. पुढं शिकायचं तर पुणं गाठायला हवं होतं. एके दिवशी तिचे वडील बापू हळदीचं पोतं घेऊन स्वतःच आले. पटका, कानात भिकबाळी, पायांत करकरीत वहाणा. व्हरांड्यात बसूनच बोलले.

"आवं बाई, सपष्ट सांगतो. पोरगी हुशार हाय ते आमाला बी कळतंय. पर पुण्याला न्हाई धाडणार. मार्गशीर्षात लगीन करायचं, एक ठिकाण बघितलंय."

"आणि वर्ग इथंच निघाला तर?"

"हितं? सांगलीत?" बापूंनी मिशीवरून हात फिरवला. "हितं निघाला तर शिकू दे की. मावशी हाय तिची. पर निगणार कवा? तुमच्या सरकारी कामात पोरगी म्हातारी व्हईल."

बाईंनी वर्गाचा विषय तिथंच सोडला आणि त्यांना विचारलं, "हळदीचं बी कुठलं वापरता?"

"हळदीला कुठलं बी, बाई? गड्डा मोडायचा आन् लावायचा. बापानं त्येच केलं, आज्यानं त्येच."

"का नाही धरत बी, माहीत आहे?"

बापूंनी नाही म्हणून मान हलवली. मग बाईंनी अर्धा तास सगळं समजावून सांगितलं. बी धरायचं तर दोऱ्यांना जोडीदार मिळून त्यांची सारखी वाटणी व्हावी लागते. हळदीत तो मेळच बसत नाही, म्हणून फूल येतं ते वांझ जातं. पण मुळात आणि कोंबात पेशी एकीच्या दोन, दोनाच्या चार होतच राहतात, आणि दर वेळी दोऱ्यांची तीच्या तीच नक्कल पुढं जाते. त्यामुळे आज्यानं लावलेला गड्डा आणि हा गड्डा, झाड एकच. ते मेलेलंच नाही, मोडून मोडून वाढत राहिलंय.

बापू पोत्याकडे बघत राहिले. "म्हंजी ही आज्याचीच म्हणा की! लय भारी." आणि उठताना म्हणाले, "मार्गशीर्षापर्यंत थांबतो. तुमचं काय व्हतंय बघा. पर त्याच्या म्होरं शबुद नका घालू."

बाईंनी वर्गासाठी अर्ज केव्हाच केला होता. विद्यापीठाची समिती तपासणीला येणार ती दसऱ्यानंतरच्या आठवड्यात. नियमात एक अट होती: पेशींच्या दुभागणीच्या सर्व अवस्था दाखवण्याची सोय हवी. मोठी कॉलेजं त्यासाठी विलायती स्लाइडींची पेटी मागवत. युद्धात जहाजंच येत नव्हती, तर पेटी कुठली? बाई म्हणाल्या, "आमची मुलं समितीसमोर करून दाखवतील." आमचे प्राचार्य नियम पुन्हा पहिल्यापासून वाचायला बसले. बाईंच्या चेहऱ्यावर रेषही हलली नाही.

आता भिकू हवालदाराबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा घोळ त्याचा. हा आमच्या प्रयोगशाळेचा शिपाई. माणदेशातल्या दहिवडीकडचा, मागच्या लढाईत बसऱ्यापर्यंत जाऊन आलेला. पलटण सुटली तरी सवय सुटली नव्हती. पितळ दिसलं की घासायचं आणि लोखंड दिसलं की तेल द्यायचं. त्याला बाईंनी खंडेनवमीच्या आधी सांगितलं, "हवालदार, समिती येतेय. सगळं लखलखीत पाहिजे."

खंडेनवमीला आम्ही उपकरणांची पूजा करत असू. त्या वर्षी टेबलावर पांढरं कापड, त्यावर सूक्ष्मदर्शक, चिमटे, सुऱ्या, सगळं आरशासारखं. हळदकुंकू कुणी लावायचं म्हणून हवालदार घुटमळला. विधवा बाईंच्या हाती करंडा द्यावा तर पंचाईत, न द्यावा तरी पंचाईत. बाईंनी करंडा त्याच्या हातातून घेतला. "माझ्याएवढी हळद सांगलीत कुणी हाताळली आहे, सांगा," म्हणाल्या आणि एकेका उपकरणाला ठसठशीत बोट लावत गेल्या. मला त्या वेळी त्यांचा फार अभिमान वाटला.

समिती यायची होती त्या दिवशी मुलं सकाळीच हजर झाली. स्पिरिटात राखलेली मुळं तयार होती. या स्लाइडी फार टिकत नाहीत, म्हणून ताज्याच करायच्या होत्या. कुसुमनं पहिली केली, सूक्ष्मदर्शकाखाली घातली आणि बाजूला काढून ठेवली. दुसरी केली. तिसरी केली. मग तिच्या डोळ्यांत पाणी तरळलं. "बाई, दोरे दिसत नाहीत. सगळं फिकट गुलाबी आहे."

बाईंनी पाहिलं. खरंच, दुधात चुकून कुंकू पडावं तसं सगळं एकसारखं. मीही हातपाय गाळले, कारण तो रंग अॅसिडात उकळून दिला होता मी. अॅसिड जुनं झालं का, रंगात भेसळ आहे का, मी भराभर बोलू लागलो.

"जगताप, जरा गप्प बसा," बाई म्हणाल्या. त्यांनी टेबलावरची सुई उचलून उजेडात धरली. ती चकाकली. बोटाला लावून पाहिली. बोट तुळतुळीत झालं.

"सुया कुणी घासल्या?"

हवालदार टाचा जुळवून पुढं आला. "म्या सोता घासल्या, बाईसाहेब. चिंचंनं, मग राखंनं. बंदुकीला देत्यात तसा तेलाचा हात बी दिला. गंज म्हणून औषधाला ठेवला न्हाई."

तेव्हा मला, रसायनाच्या माणसाला, लख्ख उजेड पडला. त्या रंगाला लोहाचा अंश लागतो, तेव्हाच दोरे गडद चढतात. बाई गंजक्या सुईनं ठेचत, तो गंज अॅसिडात उतरे, आणि रंग पक्का बसे. आणि हवालदारानं देवाच्या नावानं, पलटणीच्या शिस्तीनं, बाईंच्याच हुकुमानं सगळा गंज उतरवला होता!

बाई रागावल्या नाहीत. "काम चोख केलंत," म्हणाल्या. "आता पळा आणि मला गंज आणून द्या. चांगला, जुना."

"आं? गंज?" हवालदाराचं तोंड उघडंच राहिलं. "जल्मभर गंज काडला बाईसाहेब, आणा म्हणून कुणी सांगितलं न्हवतं!"

पण गेला. धावतच गेला. हळदीच्या पेठेत त्याचा गाववाला हमाल होता. परत आला तो हातात पोती शिवायचं एक दाभण घेऊन. कुठल्याशा वखारीच्या भिंतीत किती तरी पावसाळे खोचून राहिलेलं, टोकापासून नेढ्यापर्यंत तांबूस झालेलं. बाईंनी ते फडक्यानं अलगद पुसलं आणि कुसुमच्या हातात दिलं.

"एवढं जाड?" कुसुम म्हणाली.

"हात तुझाच आहे ना?"

कुसुमनं थेंबात टोक बुडवलं, ठेचलं, काच ठेवली, अंगठा दाबला. डोळा लावला आणि तिचा खांदा एकदम सैल पडला, त्यावरूनच आम्हाला कळलं. माझा जीव भांड्यात पडला.

समितीचे अध्यक्ष मुंबईचे, जाड चष्म्याचे, फार न बोलणारे गृहस्थ. त्यांनी आधी विलायती पेटीच मागितली. नाही म्हटल्यावर कपाळाला आठी. बाई म्हणाल्या, "पेटीतून दुकानदाराचा हात कळेल. आमच्या मुलांचा हात बघायचा असेल तर इथं बसा." ते बसले. कुसुम शेजारी उभी.

"काय आहे हे?" त्यांनी विचारलं.

"दोरे दोन्ही टोकांना निघालेत," कुसुम म्हणाली. मग थांबली. बाईंकडे बघितलं. "पण एक मधेच राहिलाय, सर."

"मधे राहिलाय? पुस्तकात तर कुणी राहत नाही."

"पुस्तकातलं मला माहीत आहे, सर. यात राहिलाय."

अध्यक्षांनी पुन्हा डोळा लावला आणि उठेचनात. आरसा फिरवला, स्क्रू फिरवला. चहा आला, त्यावर साय धरली. शेवटी मान वर केली ती हसऱ्या चेहऱ्यानं. "राहिलाय खरा," म्हणाले. "कधीमधी एखादा असा मागं राहतो. पण सांगणारे विद्यार्थी फार कमी भेटतात."

वर्गाला मंजुरीचं पत्र आलं ते मार्गशीर्ष लागायच्या आत. बापूंनी ते ठिकाण सोडून दिलं आणि हळदीचं आणखी एक पोतं पाठवून दिलं. कुसुम आमच्याकडच्या पहिल्याच तुकडीत बी.एस्सी. झाली आणि पुढं त्याच खोलीत डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागली. हवालदार दर खंडेनवमीला सगळं तसंच लखलखीत घासायचा. मधोमध एका पाटावर मात्र ते दाभण, जसंच्या तसं, गंजलेलं. त्याला तो हातही लावत नसे. बाहेरचं कुणी विचारलं तर सांगायचा, "ह्ये आमचं मानाचं."

स्वातंत्र्य आल्यावर वर्षाच्या आतच बाईंची नजर अधू व्हायला लागली. काचबिंदू. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेली ती परत येणार नाही, आणि उरलेलीही राहील असं नाही. बाईंनी राजीनामा दिला आणि वाईला भावाकडे गेल्या. निरोपाचं भाषण त्यांनी करू दिलं नाही. मुळं कापायची वेळ झाली म्हणाल्या आणि गेल्या. नेहमीसारखं मला भांडणही पुरं करता आलं नाही.

पुढच्या वर्षीच्या खंडेनवमीला मात्र त्या आल्या. भाच्यानं हाताला धरून आणलं. छत्री होती, पण आता ती पुढची वाट चाचपायला. खोलीत शिरताच त्यांनी श्वास आत ओढला आणि म्हणाल्या, "रंग ताजा आहे. स्लाइड लावली आहेस का गं, कुसुम?"

"लावली आहे, बाई. हळदीची."

बाई सवयीनं स्टुलावर बसल्या, दोन्ही हातांनी नळी चाचपली आणि डोळा लावला. बराच वेळ तशाच राहिल्या. मग त्या मागं सरकल्या.

"मला दिसत नाही," त्या म्हणाल्या. वर्गात मुलांकडून जसं लिहून घ्यायच्या तसंच, साध्या आवाजात. "तू सांग."

कुसुम वाकली आणि सांगू लागली. इथं गोल शाबूत आहे. इथं गुंता उलगडतोय. ही एक रांग लागली आहे. बाईंचं पिवळं बोट टेबलाच्या लाकडावर तिच्या बोलण्याबरोबर फिरत होतं, पेशीमागून पेशी, जशी काही वही उघडी आहे. कुसुम म्हणाली, "हिच्यात दोरे दोन्ही टोकांना निघालेत," तसं बोट थांबलं.

"मधे कुणी राहिलंय?"

खोलीतल्या आम्हा सगळ्यांना तो जुना दिवस आठवला. कुसुमच्या जागी मी असतो तर हो म्हणून मोकळा झालो असतो. बाईंना बरं वाटलं असतं, कुणाचं काय जात होतं? हवालदारानंही तिच्याकडे बघून मान हलवली, म्हण की हो. कुसुमनं पुन्हा डोळा लावला. पुन्हा एकदा नीट पाहिलं.

"नाही, बाई. सगळे गेलेत. मधे कुणी नाही."

आगाशेबाई मोठ्यानं हसल्या. इतक्या वर्षांत त्यांना इतकं मोकळं हसताना मी पाहिलं नव्हतं. त्यांनी हात पुढं केला, पाटावरचं दाभण चाचपून शोधलं, त्याच्या अंगावरून बोट फिरवून गंज आहे ना याची खात्री करून घेतली, आणि ते कुसुमच्या हातात ठेवलं.

"मग तसंच लिही," त्या म्हणाल्या, आणि छत्री घेऊन उठल्या.